भारोत्तोलकाच्या कमरेतील चकतीची दुखापत व तिचा उपशम : लेण्याद्री परिसरातील भारवाहकांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : भारोत्तोलन, मणक्यांमधील चकती, सायटिका, श्रेणीबद्ध भार, डोलीवाहक

प्रस्तावना :

जुन्नर शहरापासून सुमारे पाच किलोमीटर अंतरावर, कुकडी नदीच्या खोऱ्यात गोळेगावच्या हद्दीत लेण्याद्रीचा डोंगर आहे. येथील तीसेक बौद्ध लेण्यांपैकी सातव्या क्रमांकाच्या विहारात गिरिजात्मजाचे देवस्थान असून, अष्टविनायकांपैकी डोंगरावरील लेण्यात असलेले हे एकमेव स्थान होय. तेथे पोहोचण्यासाठी सुमारे तीनशे पायऱ्या चढाव्या लागतात. ज्या वृद्ध वा आजारी भाविकांना हा चढ झेपत नाही त्यांच्यासाठी पायथ्याशी डोलीची सोय असते. याच तालुक्यात नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हमाल दिवसभर क्रेट उचलतात आणि संध्याकाळी गावोगावच्या व्यायामशाळांतून तरुण मुले लोखंडी बार उचलतात. एकजण उपजीविकेसाठी उचलतो, दुसरा हौसेसाठी वा पदकासाठी; परंतु कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांना हा भेद कळत नाही.

भारोत्तोलकाच्या कमरेत एके दिवशी कळ येते, ती नितंबातून पोटरीपर्यंत उतरते, एम.आर.आय. तपासणीत चकती बाहेर आल्याचे दिसते आणि त्याला सांगितले जाते की यापुढे बादलीसुद्धा उचलू नकोस. या सल्ल्यामागील काळजी खरी असली तरी तो सरसकट देण्यास गेल्या तीन-चार दशकांतील संशोधन पाठिंबा देत नाही. चकतीची दुखापत बहुतांशी काळाबरोबर शमते, आणि कायमचा आराम भार सोडून देण्यापेक्षा तो मोजून, पायरीपायरीने पुन्हा घेण्यातून मिळण्याची शक्यता अधिक असते. प्रस्तुत लेखात ही प्रक्रिया विशद केली असून, ज्याला भार मोजून घेण्याची मुभाच नाही अशा डोलीवाहकाच्या बाबतीत तिचे काय होते याचाही विचार केला आहे.

‘गादी सरकणे’ म्हणजे नेमके काय :

ग्रामीण भागात या विकारास ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप पडला’ किंवा ‘शीर दबली’ असे म्हटले जाते. यांपैकी तिसरा शब्दप्रयोग वस्तुस्थितीच्या सर्वांत जवळ जातो. मणक्यांमधील चकती ही दोन विटांमधील सुटी गादी नव्हे. ती वरच्या व खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते व कोठेही सरकत नाही. तिच्या मध्यभागी पाणीदार गर असतो आणि त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे तंतुमय थरांचे कडे असते. या कड्यास भेगा पडल्या व गर मागील बाजूस बाहेर आला की तो मज्जारज्जूपासून निघालेल्या नसेच्या मुळाशी भिडतो. केवळ दाबामुळेच नव्हे, तर बाहेर आलेल्या गरामुळे होणाऱ्या दाहामुळेही नस चिडते व पायात विजेसारखी कळ जाते. हीच सायटिका होय. आयुर्वेदात वर्णिलेली गृध्रसी ही अवस्था तिच्याशी पुष्कळशी जुळते. कमरेतील अशा दुखापतींपैकी बहुसंख्य दुखापती शेवटच्या दोन चकत्यांत होतात, कारण धडाचा सर्व भार व वाकण्याची बरीचशी हालचाल तेथेच एकवटते.

या विकाराचे चकतीशी असलेले नाते वैद्यकास तसे उशिराच उमगले. अमेरिकेतील मिक्स्टर व बार या शल्यविशारदांनी १९३४ साली आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे पायातील कळ आणि फुटलेली चकती यांचा संबंध सर्वमान्य होऊ लागला. शस्त्रक्रिया उपलब्ध झाली आणि तिच्याबरोबरच, चकती फुटली म्हणजे ती काढलीच पाहिजे, ही समजूतही रूढ झाली.

वीस किलोंचा हिशोब :

चकतीवर प्रत्यक्ष किती दाब येतो हे मोजण्याचा प्रयत्न स्वीडनमध्ये नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात केला. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतील उल्म येथील विल्के व सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेतील चकतीत दाबमापक बसवून दैनंदिन हालचालींची मोजणी प्रसिद्ध केली. व्यक्ती एकच असल्याने आकडे सर्वांना तंतोतंत लागू होणार नाहीत, परंतु त्यांचे परस्पर प्रमाण बोलके आहे. उताणे झोपले असता दाब ०.१ मेगापास्कल, सरळ उभे असता ०.५, वीस किलोंचे वजन अंगाजवळ धरल्यास १.१, तेच वजन छातीपासून साठ सेंटिमीटर दूर धरल्यास १.८, गुडघे वाकवून उचलताना १.७ आणि पाठ गोल करून वाकून उचलताना २.३.

टोमॅटोने भरलेला एक क्रेटही सुमारे वीस किलोंचा असतो. म्हणजे एकच क्रेट अंगाशी धरला असता चकतीवर जेवढा दाब असतो, त्याच्या दुपटीहून अधिक दाब तो पाठ गोल करून उचलताना पडतो. वजन काट्यावर बदललेले नसते; बदललेले असते ते कमरेपासूनचे त्याचे अंतर व पाठीचा आकार. भारोत्तोलनाचे प्रशिक्षक बार नडगीला घासून वर आणण्याचा आग्रह धरतात, त्यामागील कारण हेच होय.

तरीही केवळ दाबाने चकती फुटते असे म्हणता येत नाही. राष्ट्रीय स्पर्धेतील पॉवरलिफ्टर खेळाडूंच्या कमरेवर सतरा हजार न्यूटनपर्यंत दाब येतो असे कॅनडातील १९९१ च्या एका अभ्यासात आढळले होते आणि ते खेळाडू स्पर्धा करीतच होते. मणक्याचे हाड व चकती यांना सरळ दाब बराच सोसतो. सोसत नाही ते दाबाखाली पुनःपुन्हा वाकणे. कॅलहन व मॅकगिल यांनी २००१ साली डुकराच्या मानेच्या मणक्यांवर केलेल्या प्रयोगात, माफक दाब ठेवून हजारो वेळा वाकवल्यावर चकतीच्या कड्यास आतून भेगा पडत गेल्या व गर मागे सरकला. व्यायामशाळेतील ज्या ‘त्या एका’ वजनाला दोष दिला जातो, ते बहुधा शेवटचे निमित्त असते. त्यापूर्वी कित्येक महिने थकलेल्या कमरेने, गोल पाठीने मारलेल्या आवर्तनांचा हिशोब कोणी ठेवलेला नसतो.

येथे सकाळच्या वेळेचाही विचार केला पाहिजे. रात्रभर आडवे राहिल्याने चकती पाणी शोषून फुगते. विल्के यांच्या मोजणीत झोपेच्या काळात तिच्यातील दाब दुपटीहून अधिक झाला होता. फुगलेल्या चकतीस वाकवले असता कड्यावर अधिक ताण येतो. सकाळी उठल्यानंतरच्या काळात वाकणे टाळल्यास जुनाट कंबरदुखी कमी होते असे १९९८ मधील एका चाचणीत दिसून आले. पहाटे उठताक्षणी बार उचलण्याची वा जोमाने पुढे वाकण्याची शिस्त कौतुकास्पद खरी, परंतु दुखऱ्या कमरेसाठी ती तासभर पुढे ढकलणेच शहाणपणाचे.

चित्र आणि वेदना :

एम.आर.आय.चे चित्र हातात पडले की रुग्णाचे लक्ष स्वतःच्या शरीरावरून उडून त्या चित्रावर खिळते. वस्तुतः ज्यांची कंबर कधी दुखली नाही अशा लोकांच्या चित्रांतही चकत्यांचे दोष सर्रास आढळतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार, वेदना नसलेल्या विशीतील व्यक्तींपैकी ३० टक्क्यांच्या व ऐंशीतील व्यक्तींपैकी ८४ टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या दिसतात. म्हणजे हा पुष्कळदा केस पांढरे होण्यासारखाच वयाचा परिणाम असतो. फिनलंडमधील जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने तर चकतीच्या झिजेत आनुवंशिकतेचा वाटा कामाच्या भारापेक्षा मोठा असल्याचे दाखविले.

त्याच देशातील माजी अव्वल खेळाडूंचा १९९५ चा अभ्यास भारोत्तोलकांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. माजी भारोत्तोलकांच्या कमरेतील चकत्यांची झीज इतरांपेक्षा जास्त आढळली. मात्र खेळाडूंमध्ये कंबरदुखीचे प्रमाण खेळ न खेळलेल्यांपेक्षा कमी होते. चित्र वाईट आणि माणूस बरा, असे हे कोडे आहे. बळकट स्नायू, हालचालीची सवय व वेदनेविषयीची कमी भीती ही त्याची संभाव्य कारणे सांगता येतील. शिवाय ज्यांची कंबर मुळात चांगली तेच खेळात टिकले, ही शक्यताही नाकारता येत नाही.

बाहेर आलेला गर कायम तेथेच राहतो हीदेखील गैरसमजूत होय. शरीरातील रक्षक पेशी त्याला परका समजून खाऊन टाकतात. यातील विरोधाभास असा की, गर जितका जास्त बाहेर आलेला तितका तो विरघळण्याचा संभव अधिक. पूर्णपणे तुटून सुटा झालेला तुकडा बहुतेक रुग्णांत आक्रसतो किंवा नाहीसा होतो, तर नुसता फुगवटा क्वचितच मावळतो.

पहिले सहा आठवडे :

अशा दुखापतीवर पूर्वी दोन-तीन आठवडे फळीवर पडून राहण्याची सक्ती केली जाई. नेदरलँड्समधील व्रुमेन व सहकाऱ्यांनी १९९९ साली सायटिकाच्या १८३ रुग्णांची दोन गटांत विभागणी करून एका गटास दोन आठवडे अंथरुणावर ठेवले व दुसऱ्यास झेपेल तसे वावरू दिले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतील ८७ टक्के रुग्णांत सुधारणा झालेली होती. अंथरुणाने काही साधले नाही. भारोत्तोलकाचे मात्र त्यात स्नायूंचे नुकसान होते.

याच नैसर्गिक सुधारणेचे श्रेय अनेक लोकोपचारांच्या पदरी पडते. उसण भरली असता पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घेणे, पालथे झोपून पाठीवर लहान मुलास चालविणे, अंग चोळून घेणे हे प्रकार महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहेत. साधी उसण चार-आठ दिवसांत आपोआप उतरते, म्हणून पायाळूची कीर्ती वाढते. परंतु नस दबलेली असताना कमरेवर झटका देणे धोक्याचे असून, चोळण्याने मिळणारा तात्पुरता सैलपणा व झटक्याने होणारी इजा यांत रुग्णाने फरक केला पाहिजे.

आरंभीच्या दिवसांत उपयोगी पडते ते आराम देणाऱ्या स्थितीचा शोध घेणे. बहुतेकांना बसल्याने व वाकल्याने कळ वाढते आणि पालथे पडल्याने वा थोडे चालल्याने ती उतरते. न्यूझीलंडमधील मॅकेन्झी या भौतिकोपचारतज्ज्ञांनी अशा निरीक्षणांतून एक उपचारपद्धती उभी केली. तिचा महत्त्वाचा निकष सोपा आहे : पोटरीतील कळ मांडीत, मांडीतील नितंबात व नितंबातील कमरेत अशी वर सरकू लागली तर ती हालचाल मानवते आहे, मग कमरेतील दुखणे काही काळ वाढलेले का असेना. कळ खाली उतरू लागली तर ती हालचाल थांबवावी. मकरासन व सौम्य भुजंगासन यांचा पुष्कळांना लाभ होतो तो याच कारणाने. उलट सूर्यनमस्कारातील पुढे वाकून हात जमिनीस टेकविण्याची स्थिती या काळात वर्ज्य समजावी. ‘सूर्यनमस्काराने कंबर बरी होते’ आणि ‘सूर्यनमस्काराने कंबर धरते’ ही दोन्ही विधाने म्हणूनच ऐकू येतात व दोन्ही आपापल्या जागी खरी असतात.

वेदनाशामके डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस घेता येतात. तीव्र कळेसाठी मणक्याजवळ स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले जाते. त्याने काही आठवड्यांचा उतार पडू शकतो. स्पर्धक खेळाडूने येथे सावध असावे. २०२२ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार स्पर्धाकाळात कोणत्याही मार्गाने टोचलेले ग्लुकोकॉर्टिकॉइड प्रतिबंधित आहे. तसेच घटक न छापलेल्या ‘हमखास’ कंबरदुखीच्या पुड्यांत काय असते याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

काही लक्षणांत मात्र वाट पाहणे घातक ठरते. जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, लघवी अडकणे किंवा नकळत होणे, दोन्ही पायांतील शक्ती जाणे, किंवा पाऊल उचलता न येऊन चप्पल पायातून निसटणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी मणक्याच्या शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठले पाहिजे. जुन्नरहून पुणे नव्वद किलोमीटरांहून दूर आहे. त्यामुळे ‘सकाळी बघू’ या दोन शब्दांची किंमत येथे शहरापेक्षा जास्त मोजावी लागते.

अन्य रुग्णांत शस्त्रक्रियेचा प्रश्न सहा ते बारा आठवड्यांनंतर येतो. नेदरलँड्समधीलच २००७ च्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली. परंतु वर्षअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झालेले होते. वाट पाहणाऱ्या गटातील ३९ टक्के रुग्णांनी दरम्यान शस्त्रक्रिया करून घेतली हेही नमूद केले पाहिजे. कळ किती दिवस सोसायची आणि घर किती दिवस कमाईविना चालेल, यावर हा निर्णय अवलंबून राहतो.

बारकडे परत :

खेळाडूंविषयीच्या प्रकाशित अभ्यासांचा एकत्रित विचार करता, शस्त्रक्रियेविना उपचार घेतलेल्या पाचांपैकी सुमारे चारजण पूर्वीच्या पातळीवर परततात व त्यास सरासरी पाच महिन्यांच्या आसपास काळ लागतो. भारोत्तोलकाचा परतीचा मार्ग बारपासून नव्हे, तर चालण्यापासून सुरू होतो. त्यानंतर धड स्थिर ठेवण्याचे व्यायाम येतात : हातापायांवर ओणवे राहून विरुद्ध हात-पाय लांबविणे, कुशीवर कोपर टेकून देह उचलून धरणे इत्यादी. यांत कमरेस वाकविणे नसून, हात-पाय हलत असताना तिला न हलू देण्याचे शिक्षण आहे. पुढची पायरी खुब्यातून वाकण्याची. पाठीवर काठी उभी धरून ती डोके, पाठ व माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली राहील अशा रीतीने वाकता येऊ लागले की रिकामा बार हाती घेण्यास हरकत नाही.

बार प्रथम जमिनीवरून न उचलता लाकडी ठोकळ्यांवर गुडघ्याच्या उंचीला ठेवावा. आठवड्यागणिक ठोकळा उतरवावा किंवा वजन वाढवावे. दोन्ही एकाच वेळी करू नये. पूर्ण खाली बसून घेतले जाणारे स्नॅच व क्लीन सर्वांत शेवटी यावेत, कारण तळाशी बसताना माकडहाड आत वळून कंबर गोल होते व भार नेमका तेव्हाच डोक्यावर किंवा छातीवर असतो. सरावानंतर चोवीस तासांत कळ पायाकडे उतरली नाही तर मात्रा योग्य होती असे समजावे. पट्ट्यामुळे पोटातील दाब वाढून कमरेस आधार मिळतो खरा, परंतु पट्टा आवळून लपवलेली कळ ही कळच असते.

महाराष्ट्रातील भारोत्तोलन मुख्यतः लहान गावांनी वाढविले आहे. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदके मिळविणारे गणेश माळी, ओंकार ओतारी व चंद्रकांत माळी हे तिघेही कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचे. मनमाडच्या व्यायामशाळेनेही मुलींची एक पिढी घडविली. अशा ठिकाणी पूर्णवेळ भौतिकोपचारतज्ज्ञ असणे दुर्मीळच. म्हणून दुखणे लपविण्याची वृत्ती बळावते. निवड चाचणी तोंडावर असताना ‘कमरेत कळ येते’ असे सांगणारा मुलगा संघातून वगळला जाण्याची भीती बाळगतो. मणिपूरच्या मीराबाई चानू यांनी २०१७ मध्ये विश्वविजेतेपद मिळविल्यानंतर कंबरदुखीमुळे २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेतून माघार घेतली होती. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी २०२ किलो वजन उचलून रौप्यपदक जिंकले. त्यांचे दुखणे चकतीचेच होते असे म्हणता येणार नाही. परंतु एक मोठी स्पर्धा सोडल्याने कारकीर्द संपत नाही, हे कोणत्याही तालमीत सांगण्याजोगे उदाहरण आहे.

ज्याला वजन निवडता येत नाही :

वर वर्णिलेला सर्व क्रम एका गृहीतावर उभा आहे : खेळाडू बारवरील चकत्या कमी करू शकतो. डोलीवाहकास ही सोय नाही. बसणाऱ्या भाविकाचे वजन तो ठरवीत नाही, पायऱ्यांची उंचीही नाही आणि संकष्टी-अंगारकीच्या गर्दीत फेऱ्यांची संख्याही त्याच्या हाती नसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाने नेहमी उचलावयाच्या भाराची कमाल मर्यादा ५५ किलो सुचविली आहे. डोलीत प्रत्येकाच्या वाट्याला येणारा भार कागदावर या मर्यादेत बसू शकेल. पण ती मर्यादा एका खांद्यावर भार घेऊन शेकडो पायऱ्या चढण्या-उतरण्याचा हिशोब सांगत नाही. एका खांद्यावरील भाराने धड कलते व ते सावरण्यासाठी विरुद्ध बाजूचे स्नायू आवळले जातात, त्यामुळे चकतीवरील दाब आणखी वाढतो. उतरताना प्रत्येक पायरीवर बसणारा हिसका वेगळाच.

त्यातल्या त्यात डोलीवाहकाच्या बाजूची एक गोष्ट आहे. दांडा खांद्यावर आल्यानंतर त्याची पाठ बरीचशी सरळ राहते व भार शरीराच्या जवळ असतो. खरा धोका डोली जमिनीवरून उचलण्याच्या व परत टेकविण्याच्या क्षणी असतो. विल्के यांच्या आकड्यांचा अर्थ येथे सरळ लावता येतो. डोली जमिनीऐवजी कमरेइतक्या उंच ओट्यावर टेकविता आली, भाविक दोन-तीन पायऱ्या चढून ओट्यावरच डोलीत बसला आणि वाहकांनी केवळ गुडघे किंचित वाकवून दांडा खांद्यावर घेतला, तर सर्वांत वाईट उचल टळते. व्यायामशाळेतील लाकडी ठोकळ्यांचे तत्त्व तेच आहे. पायथ्याशी व वर दगडी ओटा बांधण्यास फारसा खर्च येणार नाही. संरक्षित स्मारकाच्या परिसरात पुरातत्त्व खात्याची परवानगी मात्र घ्यावी लागेल. वाटेतील विसाव्याच्या ठिकाणीही तशाच उंचीचा लाकडी घोडा ठेवता येईल. खांदा आलटून-पालटून बदलणे व दांड्याखाली जाड गुंडाळी घेणे हे वाहक अनुभवाने जाणतातच.

राहतो तो आजारी वाहकाचा प्रश्न. पायात कळ घेऊन डोली उचलणाऱ्यास सहा आठवडे वजन उचलू नको असे सांगणे म्हणजे सहा आठवडे मजुरी सोडून दे असे सांगणे होय. त्याच्या साथीदारांनी ठरविले तर पहिले काही आठवडे रिकामी डोली खाली आणणे, भाविकांना हात धरून चढविणे, पुढे वजनाने हलक्या भाविकांची फेरी व शेवटी पूर्ण फेरी असा क्रम त्यालाही आखून देता येईल. चालणे सुटत नाही, कमाई काही अंशी चालू राहते व भार पायरीपायरीने वाढतो. त्यासाठी मिळकतीची वाटणी त्या आठवड्यांपुरती वेगळी करावी लागेल, आणि ती कशी करावी हे ठरविण्याचे सामर्थ्य कोणत्याही वैद्यकापेक्षा दांड्याखाली रोज एकत्र चालणाऱ्या माणसांकडेच अधिक आहे.